क्रुसापाशी उभी असलेली विधवा

आजाऱ्यांनी, अनाथांनी किंवा निराधार स्त्रियांनी केलेल्या हस्तकलेकडे पाहण्याची आपणां सर्वांची एक ठरलेली रीत आहे. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात मांडलेल्या टेबलावरून आपण एखादा भरतकामाचा रुमाल उचलतो, त्याला जोडलेली चिठ्ठी वाचतो, पैसे देतो आणि रुमाल घरच्या कपाटात ठेवून देतो. टाका कसा पडला आहे, रंग एकमेकांशी जुळतात की भांडतात, हे पाहण्याचे भान आपल्याला राहत नाही. कारण आपण वस्तू घेतलेली नसते, दया केलेली असते. ज्या वस्तूविषयी बरेवाईट बोलणे आपल्याला अशोभनीय वाटते, ती वस्तू आपण कलाकृती म्हणून स्वीकारलेलीच नाही, असे खुशाल समजावे. दक्षिण आफ्रिकेतील एका खेड्यात, एड्सच्या साथीच्या ऐन भरात, २००५ साली भरतकामातून निर्माण झालेल्या ‘कीस्कामा वेदीपटा’विषयी लिहिताना म्हणूनच आम्ही कौतुकाचा सोपा मार्ग सोडून परीक्षणाचा मार्ग पत्करीत आहोत. आमचा परिचय या पटाच्या छायाचित्रांशी आणि त्याविषयी झालेल्या लेखनाशी आहे, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

हॅम्बर्ग हे ते खेडे. ईस्टर्न केप प्रांतात कीस्कामा नदी हिंदी महासागराला मिळते, तिथे ते वसलेले आहे. गावाचे नाव जर्मन. कारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या भागात जर्मन वसाहतकारांना जमिनी देण्यात आल्या. वस्ती मात्र खोसा भाषिकांची. वर्णभेदाच्या राजवटीत हा मुलूख ‘सिस्काय’ नावाच्या राखीव प्रदेशात मोडत असे. पुरुषांनी खाणींकडे व शहरांकडे मजुरीला जावे आणि गावात स्त्रिया, मुले व म्हातारी माणसे उरावीत, अशी त्या काळाची घडी होती. राजवट गेली तरी ती घडी लगेच मोडली नाही. २००० साली कॅरल हॉफमेयर या येथे राहावयास आल्या. त्या डॉक्टर आणि चित्रकार, दोन्ही. गावातील दारिद्र्य पाहून त्यांनी आधी हाती घेतली ती सुई. औषधांची पाळी नंतर आली. इंग्लंडमधून आलेल्या दोन स्त्रियांनी गावातील बायकांना भरतकामाचे टाके शिकविले आणि त्यातून ‘कीस्कामा आर्ट प्रोजेक्ट’ उभे राहिले. नॉर्मंडीतील बायोच्या मध्ययुगीन पटाच्या धर्तीवर या बायकांनी आपल्या मुलखाचा इतिहास सुमारे १२० मीटर लांबीच्या कापडावर भरला; तो पुढे केप टाऊनच्या संसदभवनात लावण्यात आला. वेदीपट त्यानंतरचा.

तो काळ कसा होता, हे जाणल्यावाचून पटाची भाषा कळणार नाही. राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी हे एच.आय.व्ही.मुळेच एड्स होतो की काय, याविषयी जाहीर शंका घेत होते, आणि त्यांचे सरकार औषधे देण्यास टाळाटाळ करीत होते. मातेकडून बाळाला होणारी लागण रोखणारे नेविरापीन हे औषध सरकारी रुग्णालयांतून द्यावे, यासाठी कार्यकर्त्यांना संविधान न्यायालयापर्यंत जावे लागले. निकाल २००२ साली लागला. विषाणूला आवर घालणारी औषधे सरकारी दवाखान्यांतून सर्वसामान्यांना मिळू लागली ती २००४ पासून. हार्वर्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २००० ते २००५ या काळातील या दिरंगाईने ३,३०,००० हून अधिक माणसांचे प्राण घेतले. कीस्कामा वेदीपट म्हणजे या संख्येपैकी एका गावाच्या वाट्याला आलेले दुःख होय.

हॉफमेयर यांच्या मनात घर करून होते ते माथियस ग्रुनेवाल्ड याचे इसेनहाइम वेदीचित्र. फ्रान्समधील आल्सास प्रांतात, इसेनहाइम येथील संत अँथनीच्या मठासाठी ते १५१२ ते १५१६ या दरम्यान रंगविले गेले. आज ते जवळच्याच कोल्मार शहरातील उंटरलिंडन संग्रहालयात आहे. हा संत अँथनी म्हणजे आपल्या घरोघरी ज्याचे नऊवार होतात तो पादुआचा नव्हे. हा इजिप्तच्या वाळवंटातील तपस्वी. त्याच्या नावाने चालणाऱ्या संघाचे मठ ‘संत अँथनीची आग’ या भयंकर व्याधीच्या रुग्णांची सेवा करीत. राय नावाच्या धान्यावर पडणाऱ्या बुरशीमुळे ही व्याधी होत असे. अंगाची आग होई, हातपाय काळे पडत, झडत किंवा कापावे लागत. मठातील बंधू रुग्णांना चांगले अन्न देत, मलम लावीत आणि संताच्या अवशेषांवरून ओतलेला द्राक्षारस पाजीत. आणि त्यांना या चित्रापुढे आणीत.

त्या चित्रातला क्रुसावरचा ख्रिस्त पाहून सौंदर्याची सवय झालेला डोळा दचकतो. देहाचा रंग हिरवट, सर्वांगावर फोड व काटे, हाताची बोटे वेदनेने ताणलेली. मठातल्या रुग्णाने वर पाहिले की त्याला आपलीच कातडी प्रभूच्या अंगावर दिसे. चित्राची दारे उघडली की ख्रिस्ताचा एक हात धडापासून वेगळा होई, असा त्याच्या फळ्यांचा सांधा आहे. हातपाय गमावलेल्या रुग्णांना त्यात आपले दुःख ओळखीचे वाटले असेल, असा अर्थ अनेक अभ्यासकांनी लावला आहे. वेदीचित्र तीन वेळा उलगडते. बंद असताना क्रुसारोहण. पहिल्यांदा उघडले की देवदूताचा निरोप, ख्रिस्तजन्म आणि पुनरुत्थान. पुन्हा उघडले की अगदी आत, गाभाऱ्यात असाव्यात तशा, लाकडात कोरलेल्या संतमूर्ती.

हॅम्बर्गच्या सुमारे १३० स्त्रीपुरुषांनी हीच तीन पदरी रचना उचलली. त्यांचा पट सुमारे १३ फूट उंच आणि उघडल्यावर २२ फूट रुंद आहे. भरतकाम, कापडावर कापड जोडण्याचे काम, मणी, तार आणि छायाचित्रे, अशी त्याची सामग्री. आता प्रश्न असा की, पाचशे वर्षांपूर्वीच्या युरोपातील साचा उचलून त्यांनी त्यात काय ओतले?

बंद पटाच्या मध्यभागी क्रूस आहे. पण ज्या जागी ख्रिस्ताचा छिन्नविच्छिन्न देह असावयाचा, त्या जागी एक खोसा विधवा आहे. शोकवस्त्रे ल्यालेली, भोवती पोरकी मुले. ग्रुनेवाल्डच्या चित्रात दोन्ही बाजूंना संत सेबॅस्टियन आणि संत अँथनी आहेत. येथे त्यांच्या जागी गावातल्या दोन वृद्ध स्त्रिया आहेत. त्यांच्याभोवती दिव्यत्वाचे कसलेही वलय नाही. आहेत त्या रोजच्या, ओळखीच्या, नात्याने कुणाच्या तरी आजी.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या मनात येथे एक कळ उठेल, हे आम्ही जाणतो. प्रभूच्या जागी माणूस, आणि तेही एक सामान्य बाई! ही धिटाई श्रद्धेला मानवेल काय? शंका रास्त आहे. तिला मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसावा अध्याय दाखवून गप्प करणे आम्हांला फार सोपे उत्तर वाटते. तो अध्याय आपण इतक्या वेळा ऐकला आहे की त्याने आता कुणी दचकत नाही. खरे उत्तर पटातच आहे. ही विधवा क्रुसावर खिळलेली नाही. ती उभी आहे. क्रुसापाशी उभी राहणारी स्त्री आपल्याला योहानाच्या शुभवर्तमानातून ठाऊक आहे. ती मूर्च्छित पडल्याचे शुभवर्तमानकार सांगत नाही, उभी होती एवढेच सांगतो. हॅम्बर्गच्या कारागिरांनी पुत्राची जागा आणि मातेचे उभे राहणे या दोन गोष्टी एका आकृतीत एकवटल्या. प्रभूला बाजूला सारून त्याच्या सिंहासनावर कुणाला बसविलेले नाही. ज्याचा मृत्यू व्हायचा तो होऊन गेला आहे, आणि मागे राहिलेल्या बाईला आता क्रूस पाठीशी घेऊन उभे राहायचे आहे, मुलांना जेवू घालायचे आहे. ग्रुनेवाल्डने रुग्णांचे फोड ख्रिस्ताच्या अंगावर उमटविले होते. येथे देणेघेणे उलट्या बाजूने पुरे झाले. एवढ्या सूक्ष्म अर्थाची कल्पना सुईदोऱ्याने पेलली, ही या पटाची थोरवी आम्हांला वाटते. आजाराची पार्श्वभूमी क्षणभर विसरली तरी ती उणावत नाही.

पटाच्या तळाशी, जिथे ग्रुनेवाल्डने ख्रिस्ताला कबरीत ठेवण्याचे दृश्य रंगविले, तिथे गावातल्या एका तरुणाची अंत्ययात्रा आहे. एड्सने गेलेल्या तरुणाची, हे लपविलेले नाही. आजच्या वाचकाला यात विशेष वाटणार नाही. पण त्या गावात, त्या वर्षी, माणूस क्षयाने गेला, न्यूमोनियाने गेला, कुणी करणी केल्याने गेला, एवढेच बोलले जाई. त्याच २००५ सालच्या जानेवारीत नेल्सन मंडेला यांनी आपला पुत्र एड्सने मरण पावल्याचे पत्रकारांना बोलावून सांगितले, तेव्हा ती जगभर बातमी झाली. एवढ्या मोठ्या माणसाला जे बोलायला धीर लागला, ते खेड्यातल्या बायकांनी कापडावर भरून कॅथेड्रलमध्ये टांगायला दिले. आमच्याकडच्या मृत्यूच्या निवेदनांत ‘अल्पशा आजाराने’ हे दोन शब्द किती जणांच्या किती दीर्घ आजारांवर पांघरूण घालीत आले आहेत, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

दुसऱ्या पदराविषयी आमचे मत थोडे राखीव आहे. पट उघडला की काळोखानंतर आनंद यावा, ही मूळ योजनाच आहे. येथे उपासनेत तल्लीन झालेली माणसे आहेत, गुरे, मासे, पक्षी, झाडे आहेत, आणि समुद्रकाठच्या वाळूत प्रार्थना म्हणून आकृत्या रेखीत धावणारा गावातलाच एक भाविक आहे. हा शेवटचा तपशील फार सुंदर. भरतीने पुसल्या जाणाऱ्या रेषा कुणी तरी दोऱ्याने कायम केल्या. पण ग्रुनेवाल्डचे पुनरुत्थान म्हणजे काळ्या रात्रीत फुटलेला एकच प्रकाशगोल. नजर तिथे खिळते आणि हलत नाही. हॅम्बर्गच्या पटात आनंद सगळीकडे सारखा वाटून दिला आहे, आणि त्यामुळे नजरेला विसावा मिळत नाही. अनेक हातांनी एकाच वेळी भरलेल्या कापडाचा हा धर्म असेल, पण त्यामुळे जाणवणारी उणीव नाहीशी होत नाही. आनंद दाखविणे दुःख दाखविण्याहून अवघड असते, हे आपल्याकडच्या नाताळच्या अंकांवरूनही कळते.

तिसरा पदर मात्र मोठ्या समजुतीने केलेला आहे. येथे भरतकाम अकस्मात थांबते. गावातल्या तीन आजींची, त्यांच्या नातवंडांसह, माणसाएवढी छायाचित्रे समोर येतात. भोवताली मणी आणि तारेतून नदी, वाळूच्या टेकड्या, तिथली वनराई. सुईची भाषा सोडून कॅमेऱ्याची भाषा का, असा आक्षेप प्रथमदर्शनी आमच्याही मनात आला. परंतु इसेनहाइमच्या गाभ्यातही रंग थांबतात आणि घनरूप मूर्ती सुरू होतात. निकोलाउस हागेनाउअरने त्या घडविल्या, ग्रुनेवाल्डने नव्हे. चित्राच्या आत गेल्यावर चित्र संपावे आणि कुणी तरी खरेच समोर उभे असावे, ही त्या रचनेची अट आहे. हॅम्बर्गने ती शब्दशः न पाळता अर्थतः पाळली. संतमूर्तींच्या जागी आज्या आल्या. कारण त्या गावात मधली पिढी गेली आणि मुले वाढविण्याचे काम म्हाताऱ्यांवर आले.

आता बाहेरून आलेल्यांचा प्रश्न. तो टाळून या पटाविषयी प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. इसेनहाइमची कल्पना गावाची नव्हे, गोऱ्या डॉक्टरीणबाईंची. टाके इंग्लंडच्या. पुढेही कीस्कामाच्या कामात परदेशातून स्वयंसेवक येत राहिले, आठवड्यांसाठी, महिन्यांसाठी. मग हा पट खरोखर कुणाचा?

परदेशी सेवेला जाणाऱ्यांविषयी सर्वांत कठोर बोल एका कॅथोलिक धर्मगुरूचे आहेत. १९६८ साली मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे इव्हान इलिच यांनी अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांना तोंडावर सांगितले की, या देशात पाहुणे म्हणून या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. भाषा येत नाही, प्रश्न ठाऊक नाहीत, आणि आपली जीवनपद्धती हीच मदत समजणारा माणूस ज्यांच्याकडे येतो त्यांचा अपमान करतो, असा त्यांचा एकंदर रोख होता. हे बोल आम्हांला बव्हंशी मान्य आहेत. हस्तकलेच्या गटांत तर हा अपमान फार गोड रूपाने येतो. पाहुणी बाई आपल्या देशातल्या दुकानात काय खपेल ते सांगते; हृदयाची आकृती, लाल फीत, हसरे सूर्य. बायका ते शिवतात. पाहुणी परत जाते, मागणी आटते, आणि कपाटात हसऱ्या सूर्यांचा ढीग उरतो. त्या बायकांना स्वतःला काय शिवायचे होते, हे कुणी विचारलेलेच नसते.

इलिच यांच्या तडाख्यातून सुटते ती मदत कोणती, याचे उत्तर आम्हांला हॅम्बर्गमध्ये दिसते. इंग्लंडच्या त्या स्त्रियांनी जे दिले ते एक कसब होते, विषय नव्हता. साखळी टाका, देठाचा टाका, यांना स्वतःचे काही म्हणणे नसते; वर्णमालेसारखे ते शिकणाऱ्याचे होऊन जातात. पटातल्या विधवेच्या वस्त्रात शिकवणाऱ्यांचा देश शोधून सापडत नाही. आपल्याकडे कॉन्व्हेंटच्या शाळेत धर्मभगिनींनी शिकविलेल्या टाक्यांनी आमच्या आयांनी वेदीवरची वस्त्रे भरली. त्या टाक्यांत आज कुणी बेल्जियम वा पोर्तुगाल पाहत नाही, तसेच हे. हॉफमेयर यांच्याबाबत गोष्ट थोडी अवघड आहे, कारण त्यांनी कसबाबरोबर साचाही दिला. पण त्या वर्षानुवर्षे गावात राहिल्या, त्या रुग्णांच्या डॉक्टर होत्या, आणि अंत्ययात्रा ज्यांच्या घरून निघाल्या त्यांची दारे त्यांना ठाऊक होती. इसेनहाइमचे चित्र मठाच्या इटालियन प्रमुखाने मागविले आणि बाहेरच्या चित्रकाराने रंगविले. रुग्णांनी ते फक्त पाहिले. हॅम्बर्गमध्ये सुई रुग्णांच्या आणि त्यांच्या मागे राहिलेल्यांच्या हाती होती. साचा कुणाचा, यापेक्षा हा फरक आम्हांला वजनदार वाटतो.

याच देशात क्वाझुलू-नाताल प्रांतातील ‘सियाझामा’ या उपक्रमाने वेगळ्या वाटेने हेच साधले. झुलू स्त्रीने काही गोष्टी वडीलधाऱ्यांपुढे तोंडाने उच्चारू नयेत, असा ‘ह्लोनिफा’चा दंडक, लैंगिक आजाराविषयी बोलणार कोण आणि कसे? पण मणी ही त्या स्त्रियांची जुनी भाषा. डर्बन येथील अध्यापिका केट वेल्स यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात मणीकाम करणाऱ्या स्त्रियांना आजाराची शास्त्रीय माहिती मिळवून दिली, आणि त्यांनी ती मण्यांच्या बाहुल्यांतून सांगितली. येथे बाहेरच्याने माहिती दिली आणि कसब घरचे होते. हॅम्बर्गमध्ये कसब बाहेरचे होते आणि सांगायचे ते घरचे. दोन्हीकडे बाहेरच्याने एकच वस्तू दिली, दोन्ही नाही. आमच्या धर्मग्रामांतून तरुण मुले, धर्मभगिनी, निवृत्त शिक्षिका आता परदेशी सेवाकार्याला जातात. त्यांनी सामान बांधताना हा हिशेब ध्यानी घ्यावा.

नावांचाही एक मुद्दा आहे. पटावर १३० हात राबले, पण परदेशी वृत्तपत्रांत बहुधा एका डॉक्टरीणबाईंचेच नाव छापले जाते, अशी तक्रार करता येईल. ती रास्तच आहे. ब्रेंडा श्माहमान यांच्यासारख्या कलेतिहासकारांनी २०१६ साली या प्रकल्पावर ग्रंथ लिहिला, तेव्हा कुठे या कामाकडे एका व्यक्तीच्या परोपकाराहून अधिक काही म्हणून पाहणे रूढ होऊ लागले. गंमत अशी की, ग्रुनेवाल्डचेही नाव ग्रुनेवाल्ड नव्हते. सतराव्या शतकात योआकिम फोन सांड्रार्ट याने चुकून ते लिहिले आणि तेच चिकटले. अभ्यासक आज त्याचे नाव माथिस गोथार्ट किंवा निथार्ट असे सांगतात.

पट पुढे प्रवासाला निघाला. ग्रॅहमस्टाऊनच्या, म्हणजे २०१८ पासून ज्याला माखांडा म्हणतात त्या शहराच्या, अँग्लिकन कॅथेड्रलमध्ये तो प्रथम मांडला गेला. २००६ साली टोरांटो आणि शिकागोच्या कॅथेड्रलांत, मग आणखी शहरांत. पटाबरोबर गावातली माणसेही गेली आणि त्यांनी जमलेल्या लोकांना तो समजावून सांगितला. स्वयंसेवक ज्या दिशेने येतात, त्याच्या उलट दिशेने हा प्रवास झाला. श्रीमंत देशांतील चर्चमध्ये, ज्यांच्या देणग्यांवर असे प्रकल्प चालतात त्यांच्यापुढे, देणगी घेणारी बाई शिक्षिका म्हणून उभी राहिली. ही घटना आम्हांला पटातल्या कोणत्याही आकृतीइतकीच बोलकी वाटते.

मात्र वेदीपटाच्या तिसऱ्या पदरातील आशा पाहून कुणी निश्चिंत होऊ नये. २०१० साली याच गटाने पिकासोच्या १९३७ मधील ‘गेर्निका’च्या धर्तीवर आणखी एक भव्य पट केला. औषधे आली होती, तरीही माणसे मरत होती. आरोग्यसेवा कोलमडत होती. या पटात आज्या नाहीत, फुललेली झाडे नाहीत. रंग राखाडी, मातकट. किंकाळी फोडणाऱ्या आकृती. कलादृष्ट्या आम्ही हा पट वेदीपटाच्या दुसऱ्या पदराहून वरचढ मानतो, कारण येथे कुठेही गोडवा आणण्याची घाई नाही. त्यात वापरलेल्या कापडांत आजाऱ्यांनी पांघरलेली जुनी घोंगडीही आहेत.

२०२२ साली या गटाची मोठी कामे जोहान्सबर्ग येथील कॉन्स्टिट्यूशन हिल या टेकडीवर एकत्र मांडण्यात आली. तिथे पूर्वी तुरुंग होता. गर्भवती मातांना नेविरापीन द्या, असे ज्या न्यायालयाने २००२ साली सरकारला बजावले, त्याची आजची इमारत त्याच आवारात आहे.